मामाचं नाव कागदावर होतं

बिदरहून औराद, देगलूर अशा दोन गाड्या बदलत मामा नांदेडला आले, तेव्हा त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती. एरवी मामा आले की पिशवीत लेकरांसाठी काहीतरी खाऊ असायचा. त्या दिवशी पिशवीत फक्त एक लिफाफा होता. पाणी प्यायच्या आधीच त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

"बाई, हे काय आलंय बघ. मला कानडी येतं, उर्दू येतं. ही कोर्टाची भाषा मला उमगंना झाली."

लिफाफ्यात लातूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस होती. सामनेवाला क्रमांक एक माझा मुलगा आणि सामनेवाला क्रमांक दोन माझे मामा. दावा तीन लाखांचा. ते वाचताना माझे हात थरथरले. मामांनी त्या अपघाताची जागाही कधी पाहिली नव्हती. त्यांचा गुन्हा एकच, त्यांनी भाचीवर विश्वास ठेवला होता.

वाचक बंधू-भगिनींनो, ही गोष्ट सांगायला मला लाज वाटते. तरी सांगते, कारण आपल्या घराघरांत असेच चाललेले मी पाहते.

माझे माहेर उदगीर. आजोळ बिदरचे. आमच्या आजीला ही सरहद्द कधी कळलीच नाही. निजामाच्या राज्यात उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हे तीन तालुके इकडे आले आणि बिदर तिकडे राहिले. तसेच नांदेड जिल्ह्यातले भैंसा, मुधोळ आंध्रात गेले आणि 2014 पासून ते तेलंगणात आहेत. नकाशावर रेघ ओढली गेली, पण सोयरिकी तशाच राहिल्या. लेक इकडे, जावई तिकडे. कामासाठी निजामाबाद, हैदराबादला जाणारे तर गल्लोगल्ली आहेत. म्हणून नांदेड-लातूरच्या वस्त्यांत एमएच-26, एमएच-24 च्या शेजारी केए-38 आणि टीएस-16 च्या गाड्याही उभ्या दिसतात. त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. आम्हालाही वाटले नव्हते.

2021 साली माझ्या मुलाला लातूरला डाळमिलमध्ये काम लागले. पाळी रात्रीची, खोली लांब. रिक्षाला रोज पैसे घालून पगारात काय उरणार? आमचे हे गवंडीकाम करतात, मी अंगणवाडीत मदतनीस. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. मामा रेल्वेत गँगमन होते. रिटायर झाल्यावर त्यांना डोळ्यांनी नीट दिसेना, म्हणून 2014 ची त्यांची मोटारसायकल नुसती उभी होती. अठरा हजारांत त्यांनी ती मुलाला दिली. पैसेही दोन हप्त्यांत घेतले. म्हणाले, "घिऊन जा लेकरा. कागदाचं मागून बघू."

त्या 'मागून बघू'मध्ये दोन वर्षे गेली.

मध्ये एकदा लातूरच्या चौकात मुलाला अडवले होते. बाहेरचा नंबर, आरसी बुक दुसऱ्याच्या नावावर आणि विम्याची मुदत संपलेली. दंड झाला. मुलगा घरी येऊन म्हणाला, "आई, बाहेरचा नंबर दिसला की मुद्दाम धरतात." मीही त्याचीच री ओढली. कागद करायचे म्हणून त्याने एका एजंटाला विचारले. त्याने आठ हजार सांगितले. अठरा हजारांच्या गाडीला आठ हजार कशाला घालायचे, असा हिशोब आम्ही केला. तो हिशोब आम्हाला फार महागात पडला.

2023 च्या पावसाळ्यात औसा रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी मुलाने मागे न बघता गाडी वळवली. सायकलवर भाजी घेऊन जाणारे एक म्हातारे गृहस्थ पडले. मांडीचे हाड मोडले. चूक मुलाचीच होती. त्याच्याही डोक्याला मार लागला, कारण हेल्मेट खोलीवर टांगलेले होते. ते गृहस्थ आपल्यासारखेच हातावर पोट असणारे. चार महिने त्यांचा धंदा बंद राहिला. त्यांच्या घरच्यांनी दावा केला तर त्यात त्यांची काय चूक? विमा असता तर भरपाई कंपनीने दिली असती. विमा नव्हता. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात पडून राहिली आणि नोटीस गेली बिदरला, कारण कागदावर मालक मामा होते.

मी वकिलांना विचारले, "गाडी तर दोन वर्षांपूर्वीच विकली होती ना? मग मामा कसे?" त्यांनी समजावून सांगितले की आपण आपसात पैसे दिले-घेतले म्हणजे कायद्याच्या नजरेत मालक बदलत नाही. आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तो मालक. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले आहे. तिथे तर गाडी एकापुढे एक अशा अनेक हातांत गेली होती, तरी जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली.

हे ऐकून मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं रुळावर काम केलं बाई. एक मेमो नाही माझ्या नावावर. माझं नाव त्या कागदावरून कधी निघंल, तेवढं सांग." रागाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

वकील आम्हाला मोफत मिळाले. ही माहिती प्रत्येक घरात हवी. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कारखान्यातले कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचे कार्यालय असते. 2024 मध्ये लोक अदालतीत तडजोड झाली. एक लाख साठ हजार. माझे गळ्यातले गहाण पडले, भिशी मोडली, ह्यांनी मुकादमाकडून उचल घेतली. पोलीस केसमध्ये मुलाला दंड झाला, तो वेगळा. त्या गृहस्थांना पैसे देताना मुलाने त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "जाऊ दे लेकरा, इथून पुढं बघून चालव."

त्यानंतर गाडी सुटली आणि आम्ही कागदाच्या मागे लागलो. तेव्हा कळले की कायदा आपण समजतो तेवढा अवघड नाही. जे शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे बाहेरच्या राज्याची गाडी चालवणे हा गुन्हा नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 46 प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी साऱ्या भारतात चालते. लायसन्सही तसेच. भारतभर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क संविधानाच्या कलम 19 ने आपल्याला दिला आहे. बिदरचा पाहुणा गाडीवर नांदेडला आला म्हणून त्याने घाबरायचे कारण नाही. त्याच्याजवळ आरसी, लायसन्स, चालू विमा आणि पीयूसी असले पाहिजे. हे कागद आता मोबाईलवर डिजीलॉकरमध्ये दाखवले तरी चालतात. गाडी कुठलीही असो, आपण ज्या गावात चालवतो त्या गावचे एकेरी रस्ते, पार्किंगच्या जागा, वेगाच्या मर्यादा पाळायच्या. हेल्मेट तर दोन्हीकडे लागतेच.

दुसरी गोष्ट मुदतीची. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर कलम 47 प्रमाणे तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. असे का? तर मोटार वाहनाचा कायदा केंद्र आणि राज्य दोघांच्या सूचीत आहे, पण वाहनावरचा कर संविधानाने राज्याच्या सूचीत ठेवला आहे. ज्या राज्याचे रस्ते वापरायचे, त्या राज्याला कर द्यायचा. यात आपला अपमान करण्यासारखे काही नाही. मुलाची 'मुद्दाम धरतात' ही तक्रार मीही उचलून धरली होती, ते चूकच होते. धरले ते नंबरामुळे नाही. विमा नव्हता म्हणून धरले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि आम्ही तिथेच फसलो. बारा महिन्यांची सवलत गाडी आपल्याच नावावर असेल तर. गाडी विकत घेतली असेल, मग ती सख्ख्या मामाची का असेना, तर घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नावबदलासाठी अर्ज करायचा आहे. विम्यावरचे नाव बदलण्यासाठी विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवायचे आहे. विमा नसलेली गाडी चालवली तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार दंड आहे. पण खरा दंड अपघात झाल्यावर कळतो.

आता काम कसे होते ते बघा. आधी जुन्या आरटीओकडून ना हरकत दाखला, म्हणजे एनओसी घ्यायची. त्यासाठी नमुना 28. त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा लावतात. अर्जावर सही मूळ मालकाची लागते, म्हणून मालक जवळचा आहे, हयात आहे, तोवरच हे करून घ्यावे. गाडी चोरीची नाही, तिच्यावर कर किंवा चलन बाकी नाही, हे तिथे तपासले जाते. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांची संमती लागते. अर्जावर तीस दिवसांत निर्णय द्यावा, असे कायदा सांगतो. एनओसी हातात आली की आपल्या आरटीओत नव्या नंबरसाठी नमुना 27 आणि नावबदलासाठी नमुना 29 व 30 भरायचे. इथला कर गाडीचे वय बघून ठरतो. नंतर गाडीची तपासणी होते. जुन्या राज्यात एकदम भरलेल्या कराची उरलेली रक्कम परत मागण्यासाठी तिकडे अर्ज करता येतो. बरेच अर्ज आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर भरले जातात. आमच्या गल्लीतल्या बारावीच्या पोरीने आमचे अर्ज भरून दिले. एजंट लागला नाही.

एनओसीसाठी मुलगा बिदरला गेला, तेव्हा मामा त्याच्याबरोबर आरटीओत दोन वेळा आले. दुसऱ्या वेळी रांगेत तीन तास उभे राहिले. मुलगा म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसा, मी उभा राहतो." ते म्हणाले, "सही माझी हाय, मीच उभा राहतो."

2025 च्या उन्हाळ्यात गाडीला एमएच-26 चा नंबर लागला. नवी आरसी आली, त्या दिवशी मी मामांना फोन केला. मुलाचे पूर्ण नाव, बापाचे नाव, नांदेडचा पत्ता, सगळे वाचून दाखवले. मामांनी विचारले, "माझं नाव कुठं ऱ्हायलं का बघ." मी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "नाही मामा, कुठंच नाही." तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "लेकराला टोपी घालून चालव म्हणावं."

गळ्यातले अजून सुटलेले नाही. दर महिन्याला थोडे थोडे भरते आहे. पण नात्यातून गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता एकच विचारते. तुमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या कागदावर कुणाचे नाव आहे? ते तुमचे नसेल, तर ज्या माणसाने तुमच्यावर विश्वास टाकला, त्याच्या डोक्यावर तुम्ही ओझे ठेवले आहे. याच आठवड्यात त्याला घेऊन आरटीओत जा. जाताना बसभाडे तुम्ही भरा आणि हेल्मेट घरी विसरू नका.