तिथीने चालणारे रस्ते

वाशिमहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता पैनगंगा ओलांडून विदर्भातून मराठवाड्यात उतरतो, तेथे कनेरगाव नाका हे गाव आहे, आणि आजच्या प्रवाशाच्या लेखी ते बहुधा चहाच्या एका पेल्यापुरते किंवा अकोला–पूर्णा लोहमार्गावरील एका छोट्या स्थानकाच्या पाटीपुरतेच उरते. एके काळी मात्र येथून पुढे जाणे म्हणजे एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत जाणे होते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली सोपवला, तेव्हापासून नदीच्या उत्तरेस इंग्रजी अंमल आणि दक्षिणेस हैदराबाद संस्थान अशी विभागणी झाली; दक्षिणेस राज्यकारभार पुढे उर्दूत चालू लागला, ‘हाली शिक्का’ हे संस्थानाचे स्वतंत्र चलन व्यवहारात असे, आणि सरहद्दीवरील मालावर ‘करोडगिरी’ म्हणजे संस्थानाची जकात वसूल होई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचे भारतातील विलीनीकरण झाले, १९५६ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा हे दोन्ही प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले, आणि ती सीमा केवळ जिल्ह्यांची सीमा होऊन राहिली. नदीच्या दोन्ही काठांवर शेतकऱ्याची बोली, त्याचा पोळा आणि त्याची पंढरी या काळातही एकच होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. राजवटी ज्या मुलखाला दुभंगतात, त्याला जोडून ठेवणारे काय असते, हा प्रश्न या नाक्यावरच सर्वाधिक स्पष्टपणे उभा राहतो.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी थोडे दूर जावे लागेल. अलीकडे ‘मंदगती प्रवास’ म्हणून ज्या पद्धतीची चर्चा होते, म्हणजे थोडीच स्थळे निवडून तेथे अधिक काळ राहणे, शक्य तेथे पायी किंवा साध्या वाहनाने जाणे आणि वास्तूंइतकेच तेथील माणसांच्या चालीरीतींकडे लक्ष देणे, तिचे उदाहरण म्हणून दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातल्या इंका नगरांचे नाव वारंवार घेतले जाते. ते योग्यही आहे. १५व्या आणि १६व्या शतकांत अँडीज पर्वतरांगांतून इंका सत्तेने विणलेल्या ‘क्वापाक न्यान’ या राजमार्गजाळ्याची लांबी तीस हजार किलोमीटरहून अधिक होती, त्यावर ठरावीक अंतराने ‘ताम्बो’ म्हणजे धान्यकोठार असलेले मुक्कामाचे ठाणे असे, आणि ओयांताइताम्बोसारख्या गावात इंकांनी आखलेल्या अरुंद गल्ल्यांतून व पाण्याच्या पाटांलगत आजही लोक राहतात. तरीही बहुसंख्य पर्यटक कुस्कोहून आगगाडीने माचू पिक्चू गाठतात, ते पाहून परततात, आणि वाटेतील जिवंत गावे त्यांच्यासाठी खिडकीतली दृश्ये ठरतात.

या साऱ्या प्रदेशात विचार करण्याजोगी सर्वांत मोठी वस्तू मात्र दगडाची नाही. अपुरिमाक नदीवरील ‘क्वेस्वाचाका’ हा झुलता पूल डोंगरी गवताच्या दोरांचा आहे, आणि दोन्ही तीरांवरचे चार ग्रामसमाज दर वर्षी जून महिन्यात गवत कापून, ते वळून, सुतळीपासून मनगटाएवढ्या व त्याहून जाड दोरापर्यंत चढत जात तो नव्याने बांधतात. जुना पूल नदीत सोडून दिला जातो आणि बांधणी पूर्ण झाल्यावर उत्सव होतो. जवळच लोखंडी पूल असल्यामुळे दळणवळणासाठी त्याची गरज उरलेली नाही. इंका साम्राज्य १५७२ मध्ये पूर्णपणे संपले, ताम्बो कालांतराने ओस पडले, कारण त्यांच्यामागे राज्याने लादलेली वेठ होती; पूल मात्र टिकला, कारण तो बांधणाऱ्यांनी तो आपला मानला होता. २०२० मध्ये महासाथीमुळे बांधणी झाली नाही आणि २०२१च्या मार्चमध्ये तो कोसळला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो पुन्हा बांधला गेला. प्राचीनता ही जतन करून ठेवण्याची वस्तू नसून दर वर्षी नव्याने करावे लागणारे काम आहे, हे याहून नेमकेपणाने दाखवणारे उदाहरण क्वचितच मिळेल. यातून मंदगतीचा एक वेगळा अर्थही हाती येतो: प्रवाशाने सावकाश जावे एवढे पुरेसे नाही, त्या कामाची जी वेळ असेल त्या वेळी त्याने तेथे असावे लागते, म्हणजेच आपली दिनदर्शिका बाजूला ठेवून त्या गावाची दिनदर्शिका स्वीकारावी लागते.

कनेरगाव नाक्याच्या उत्तरेस आणि दक्षिणेस जो मुलूख पसरला आहे, तो या अर्थाने पाहण्याजोगा आहे. उत्तरेचे वाशिम म्हणजे प्राचीन ‘वत्सगुल्म’. चौथ्या आणि पाचव्या शतकांत वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा प्राकृतातील ‘हरिविजय’ काव्याचा कर्ता म्हणून ओळखला जातो, आणि हरिषेण या तिच्या बलाढ्य राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. वाशिम येथे १९३९ मध्ये सापडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटात, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या दानपत्रात, दान दिलेले गाव ‘नांदीकड’ म्हणजे आजच्या नांदेडच्या उत्तर ‘मार्गा’त असल्याचे सांगितले आहे. येथे ‘मार्ग’ ही संज्ञा प्रशासकीय विभागासाठी वापरली आहे. ज्या काळी प्रदेशाचे विभागच रस्त्याच्या नावाने ओळखले जात, त्या काळापासून वाशिम आणि नांदेड यांच्यामधली ही भूमी जाण्यायेण्याची भूमी होती. आजच्या वाशिमात मात्र वाकाटकांचे उभे काही शोधत फिरणाऱ्याची निराशा होते; त्याला भेटतात ती १८व्या शतकातील बालाजीचे मंदिर, पद्मतीर्थ आणि गावातील अनेक तीर्थांच्या कथा. राजधानी गेली, तीर्थांची नावे लोकांच्या तोंडी राहिली.

दक्षिणेस हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नर्सी नामदेव आहे. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) हे जन्मस्थान मानले जाते. पंढरपूरचा पक्षही अभ्यासकांनी मांडला आहे, पण तो वाद नर्सीच्या लोकजीवनाला कधी अडलेला नाही. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे समाविष्ट असल्यामुळे नर्सी हे वारकऱ्यांइतकेच शीख भाविकांचेही श्रद्धास्थान आहे, आणि नांदेडच्या सान्निध्यामुळे हा दुहेरी ओघ स्वाभाविकपणे येथे मिळतो. या गावाला ज्याला खरोखर समजून घ्यायचे असेल, त्याने आषाढ वद्य एकादशीला तेथे असावे. त्या दिवशी ‘परतवारी’ भरते: आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपुरी विठ्ठलाचे दर्शन घेतलेले वारकरी परतताना नर्सीस येतात, आणि नामदेवांच्या दर्शनाशिवाय वारी पूर्ण होत नाही अशी या भागातील भावना आहे. पंढरीच्या वाटेचे वर्णन मराठीत उदंड झाले आहे. परतीच्या वाटेकडे लेखकांचे लक्ष फारसे गेलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. जाताना दिंडीत शिस्त असते, क्रम असतो, मान असतात. येताना माणसे पांगतात, पेरणी झालेल्या शेतांची ओढ लागलेली असते, पाऊस धरलेला असतो. अशा वेळी त्या पांगणाऱ्यांना आणखी एकदा एकत्र आणणारे ठिकाण या मुलखाने निर्माण केले, आणि ते देवाच्या नावाने नव्हे तर त्या देवाच्या एका शिंपी भक्ताच्या नावाने केले, यात या प्रदेशाची स्वतःची समज आहे.

जातानाची वाटही या जिल्ह्यातून जाते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी अकोला, रिसोड करीत हिंगोली जिल्ह्यात येते आणि सेनगाव, औंढा नागनाथ या बाजूने परभणीकडे वळते. तिच्या वाटेवरचे पानकनेरगाव सेनगाव तालुक्यात आहे, ते कनेरगाव नाक्याहून वेगळे. वऱ्हाडातून मराठवाड्यात, म्हणजे जुन्या सरहद्दीच्या पलीकडे, ही पालखी दर वर्षी पायी उतरते आणि मुक्कामाची गावे तिच्या जेवणाची, पाण्याची, निवाऱ्याची तजवीज स्वतः करतात. इंकांच्या ताम्बोशी याची तुलना केली तर भेद लगेच दिसतो. तेथे कोठार राज्याचे होते. येथे कोणाच्या घरी पिठले-भाकरी, कोणाकडे चहा, कोणाकडे पायांना चोळायला तेल, हे त्या त्या घराने पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे घेतलेले काम असते, आणि ते दुसऱ्याने केले तर त्या घराला वाईट वाटते. २०२० मध्ये महासाथीने पायी वारी थांबली आणि मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपुरी नेल्या गेल्या. क्वेस्वाचाकाचा पूल ज्या वर्षी बांधला गेला नाही, तेच हे वर्ष. दोन वर्षांनी वाट पुन्हा सुरू झाली तेव्हा मुक्कामांची गावे शोधावी लागली नाहीत.

औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवे मानले जाते, आणि दुर्दैवाने बहुतेक यात्रेकरू त्याला बारांतील एक म्हणूनच भेटतात: दर्शन, प्रसाद, आणि त्याच दिवशी परळीकडे प्रयाण. यादवकाळातील, १३व्या शतकाच्या सुमाराच्या या मंदिराला तेवढा वेळ देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचा खालचा भाग मूळचा, चुन्याविना दगडावर दगड बसवून उभारलेला, म्हणजे ज्याला ‘हेमाडपंती’ म्हटले जाते त्या बांधणीचा असून बाह्यभिंतीवर देवदेवता, हत्ती आणि सुरसुंदरी यांच्या आडव्या पट्ट्या आहेत. वरचा भाग विध्वंसानंतर पुढील काळात बांधलेला, साधा आणि चुनेगच्चीचा आहे. ज्याला वास्तुशास्त्राचे शिक्षण नाही अशा माणसालाही, भिंतीला सावकाश प्रदक्षिणा घातली तर, एक काळ कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला ती रेषा डोळ्यांनी दिसते. कुस्कोत इंकांच्या सूर्यमंदिराच्या रेखीव पायावर स्पॅनिश मठ उभा आहे, तेथेही अशी रेषा आहे. पण तेथे खालचे जिंकलेल्यांचे आणि वरचे जिंकणाऱ्यांचे आहे, येथे खालचे व वरचे एकाच श्रद्धेने दोनदा बांधले आहे.

याच औंढ्यात विसोबा खेचर यांच्याकडून नामदेवांना गुरूपदेश मिळाला, असे परंपरा सांगते. मंदिरासमोर कीर्तन करण्यास मज्जाव झाल्यावर नामदेव मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका तर मुले येथे बोट दाखवून सांगतात, आणि मंदिराच्या मागील बाजूस असलेला नंदी तिचा पुरावा मानला जातो. इतिहास म्हणून ती सिद्ध करण्याचा प्रश्न नाही. ज्याला दाराशी उभे राहू दिले नाही त्याच्याकडे देवाने तोंड फिरवले, ही गोष्ट सातशे वर्षे त्याच देवळात, त्याच देवाच्या साक्षीने सांगितली जात आहे, आणि महाशिवरात्रीला व त्यानंतरच्या रथोत्सवाला जमणारा समाज ती ऐकतच मोठा झाला आहे. एखाद्या वास्तूने स्वतःविरुद्धची तक्रार इतकी जपून ठेवल्याची उदाहरणे जगात फार नसावीत.

हिंगोली शहराचा दसरा याहून अर्वाचीन आहे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची मोठी छावणी हिंगोलीत होती, आणि याच फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाच्या हातून गेला. कनेरगावची सरहद्द निर्माण होण्याचे मूळ असे हिंगोलीपर्यंत येऊन पोहोचते. या फौजेत उत्तर हिंदुस्थानी शिपायांचा भरणा मोठा होता. खाकीबाबा मठाच्या परंपरेशी जोडलेला, १९व्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेला म्हणून सांगितला जाणारा येथील दसरा महोत्सव आणि रामलीला मैदानावरचे रावणदहन मराठवाड्यात उत्तरेचा रंग घेऊन येतात, त्यामागे ही छावणी असावी असे मानण्यास जागा आहे. छावणी गेली, कंटिंजंट गेली, दसरा शहराचा झाला.

या मुलखाच्या दिनदर्शिकेतील काही पाने मात्र कोणत्याही छापील पंचांगात मिळत नाहीत. हिंगोली आणि वसमत हे हळदीचे मोठे प्रदेश आहेत, आणि माघ–फाल्गुनात काढणी झाली की शेताच्या कडेला हळद शिजू लागते. पूर्वी मोठ्या काहिलीत आणि आता वाफेच्या कुकरमध्ये शिजवलेली हळकुंडे उन्हात पसरली जातात, वाळल्यावर फिरत्या पिंपात घासून त्यांना ‘पॉलिश’ केले जाते, गड्डे पुढील लागवडीसाठी बेणे म्हणून निवडले जातात, आणि माल हिंगोली-वसमतच्या बाजारात जातो. कोणत्या शेतात कोणत्या दिवशी शिजेल हे पाणी, मजूर आणि कुकरची पाळी यांवर ठरते. वाशिम–हिंगोली पट्ट्यातील बंजारा तांड्यांचेही असेच आहे. रेल्वेपूर्व काळात मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून देशभर नेणारा हा समाज होता. जगातील जुन्या मार्गांचा इतिहास लिहिताना इंकांचे धावते निरोपे अगत्याने आठवले जातात, मग बंजाऱ्यांच्या बैलांचे कळपही त्याच मानाने आठवले पाहिजेत, कारण मुघल काळापासून फौजांना धान्य पोहोचले ते त्यांच्यामुळे. आज बंजाऱ्यांच्या पोहरादेवीला रामनवमीची मोठी यात्रा भरते ती सर्वांना ठाऊक आहे, पण श्रावणातील ‘तीज’ ही प्रत्येक तांड्याची आपली असते: नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, संमतीने अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस त्यांना पाणी घालतात, संध्याकाळी त्यांच्याभोवती फेर धरून गातात, आणि शेवटी ते अंकुर वाटून विसर्जित करतात. कनेरगाव नाक्यावर उतरून कोणत्या तांड्यात तीज कधी बसते याची चौकशी करणाऱ्यास उत्तर मिळते, पण ते बहुधा असे असते की नायकाला विचारावे लागेल, आणि नायक शेतात गेलेला असतो.