चार हात पुढची वाट

यवतमाळ जिल्ह्यात आकाशाला भिडणारे कडे नाहीत. आहेत त्या काळ्या खडकाच्या बुटक्या टेकड्या आणि त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेले सागाचे जंगल. पांढरकवड्याकडे जाणाऱ्या वाटेवरील अशाच एका टेकडीवर एक वृद्ध श्रावक रोज पहाटे चढतात. सोबतीला मोती नावाचा गावठी कुत्रा असतो. एका पावसाळ्यात अडतीच्या दुकानाच्या पायरीशी कुडकुडत बसलेले पिलू त्यांनी दयेपोटी घरी आणले, तोच हा मोती.

चढ जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. चैत्रात पायथ्याशी मोहाची फुले टपटपत असतात आणि जवळच्या कोलाम पोडातील स्त्रिया ती टोपल्यांत वेचीत असतात. पुढे साग, धावडा, तेंदू लागतात. या दिवसांत साग निष्पर्ण होतो आणि त्याची सुपाएवढी वाळली पाने पायाखाली करकरतात. माथ्यावर मुरमाड, उघडे पठार आहे. तेथून सूर्योदय पाहावा, णमोकार मंत्राची एक माळ जपावी आणि उतरावे, असा शेठजींचा नेम.

पूर्वी मोती मोकळा धावत असे. एका सकाळी माथ्यावर टिटव्यांनी एकच आक्रोश मांडला. टिटवी घरटे बांधीत नाही; खडकाळ जमिनीवर किंचित खोलगट जागा करून ती खड्यांसारखी ठिपकेदार अंडी घालते. शेठजी पोहोचेपर्यंत चारांपैकी एक अंडे मोतीच्या पायाखाली फुटले होते. खाली उतरताना मोह वेचणारी एक वृद्धा एवढेच म्हणाली, “शेठजी, कुत्र्याले बांधून आनत जा. तिचं घर जमिनीवरच राह्यते.”

त्या बोलाने शेठजी अंतर्मुख झाले. मोतीचा दोष नव्हता. तो आपल्या स्वभावाप्रमाणे वागला. दोष होता तो एका जीवावर माया करताना दुसऱ्या जीवांचा विसर पडण्याचा. चालताना चार हात पुढची भूमी निरखून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती. ती मुख्यतः साधूंसाठी सांगितलेली असली, तरी श्रावकानेही ती यथाशक्ती पाळावी. मग आपल्यासोबत येणाऱ्या चार पायांची जबाबदारी कोणाची?

ही जबाबदारी एका अंड्यापुरती नाही. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग वन्य मांसाहारी प्राण्यांनाही जडतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह या साथीला बळी पडले. २०१८ साली गीरमधील सिंहांच्या मृत्यूंतही हाच विषाणू आढळला. आपल्या जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात वाघ आहेत आणि ते अभयारण्याच्या सीमा जाणत नाहीत. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ महाराष्ट्र व तेलंगणातून सुमारे १,३०० किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे त्याची ही वाट जगाला कळली. अशा प्रवाशांना शेते आणि गावे यांच्यामधल्या लहान जंगलांचाच आसरा असतो. ज्या टेकडीला आपण फिरण्याची जागा समजतो, ती कोणाचे घर असते, तर कोणाची धर्मशाळा.

कुत्र्याला घरीच ठेवावे, हाही एक मार्ग होता. पण आपल्या परंपरेने श्वानाला कधी तुच्छ लेखलेले नाही. मार खाऊन मरणोन्मुख झालेल्या कुत्र्याच्या कानी जीवंधरकुमारांनी णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव सुदर्शन यक्ष झाला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. शेठजींनी मधला मार्ग पत्करला. मोतीला पशुवैद्याकडून लसी टोचून घेतल्या, गळ्यात पट्टा आणि हाती आखूड दोर आला. टिटव्यांची वीण सरेपर्यंत माथ्यावर जायचे नाही, असा नियमही त्यांनी घेतला.

आता दोघे पठाराच्या अलीकडे, एका धावड्याखाली थांबतात. सूर्योदय तेथून अर्धाच दिसतो. जप होईपर्यंत मोती दोराच्या टोकाशी बसून राहतो आणि वर माथ्यावर टिटवी निवांत असते.