पायांखालची जमीन

भिलाईच्या पोलाद कारखान्यात हयात घालवलेले बाबा निवृत्तीनंतर, 2011 साली, हुडकोतील घराच्या गच्चीवरून पडले. मज्जारज्जूची इजा अपूर्ण होती. काही तंतू शाबूत होते. उजवा अंगठा हलला त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली. पुढे व्हरांड्यात दोन समांतर नळ्या बसवल्या. उभे राहायचे, भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा. उरलेल्या तंतूंना जुने काम नव्याने शिकवायचे, तेही कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळ्यानंतरही. वर्षाने ते फाटकापर्यंत चालले, नजर पावलांवर खिळवून. जमीन तळव्यांना कळत नसे. डोळेच ती सांगत.

एका संध्याकाळी वीज गेली.

“बाबा, थांबा, बॅटरी आणतो.”

नळी घट्ट धरून ते म्हणाले, “आण. माझे पाय कुठे आहेत, पाहू दे.”