मामांच्या छातीतल्या तारा

छातीचा एक्स-रे म्हणजे फासळ्यांचा पिंजरा आणि मधे हृदयाची धूसर सावली, एवढीच माझी समज होती. मामांच्या बायपासनंतरची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बघतच राहिले. बरोबर मधोमध, गळ्याच्या खळगीपासून पोटाच्या दिशेनं, एकाखाली एक अशी तारेची लखलखीत पांढरी वेटोळी! प्रत्येक वेटोळ्याला एक पीळ, आणि पिळाचं टोक आत मुडपलेलं. "मामा, तुमच्या छातीत तारा आहेत!" मी ओरडलेच. मामा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मग? हाड काय फेविकॉलनं चिकटवणार होते?"

तेव्हापासून मी दुसरं काही बोलत नाहीये. जेवताना हा विषय काढायचा नाही, असा मामींनी फतवा काढलाय. म्हणून इथे लिहिते.

आधी स्वतःचंच छातीच्या मधलं हाड, म्हणजे उरोस्थी, चाचपून बघा. गळ्याच्या खळगीत बोट ठेवा आणि सरळ खाली आणा. तीन-चार बोटांवर एक आडवा उंचवटा लागेल. तिथे उरोस्थीचा वरचा रुंद तुकडा संपतो आणि मधला लांब पट्टा सुरू होतो. दुसरी फासळी नेमकी याच पातळीवर येऊन मिळते, त्यामुळे डॉक्टर फासळ्या मोजायला सुरुवात इथूनच करतात. अगदी खाली कुर्चेचं टोक. बाहेरून पातळ कठीण कवच, आत मज्जेनं भरलेलं सच्छिद्र हाड. ते उभं, मधोमध चिरायचं, की हृदय समोर! या चिरण्याला स्टर्नोटॉमी म्हणतात. नाव जड आहे, काम मात्र सरळ सुतारकाम आहे, आणि मला भुरळ पडलीय ती त्याचीच.

हाडाची मध्यरेषा आधी आखून घेतात. इथे चुकलं तर एका बाजूची पट्टी बारीक राहते आणि पुढे तारेचा ताण तिला सोसत नाही. मग करवत. विजेवर किंवा दाबाच्या हवेवर चालणारी, वरखाली धावणारी. तिच्या पात्याच्या टोकाला एक आडवं पाऊल असतं. हे पाऊल हाडाच्या मागच्या बाजूनं सरकत जातं आणि मागचं मऊ सगळं पात्यापासून दूर ठेवतं. करवत चालू करण्याआधी भूलतज्ज्ञाला सांगतात, फुप्फुसं खाली सोडा. श्वासयंत्र तेवढ्यापुरतं थांबतं, फुप्फुसं आक्रसतात, आणि बघता बघता हाडाचे दोन उभे भाग होतात. कडांमधून मज्जेचं रक्त झिरपतं, ते थांबवायला कडांवर मेण चोळतात. कसलं मेण? मुख्यतः मधमाश्यांचं! हृदय आणि फुप्फुस दोघांचं काम करणारं यंत्र शेजारी सज्ज उभं, आणि हाडाला मात्र पोळ्यातलं मेण. मला तर हे वाचून टाळी वाजवावीशी वाटली.

मग दोन्ही कडांना पोलादी जबडे लावून दांडा फिरवत छाती हळूहळू फाकवायची. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. घाईनं किंवा वाजवीपेक्षा जास्त फाकवलं तर वरच्या फासळ्यांवर ताण येतो, आणि त्यांच्यावरून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यावरही. ऑपरेशननंतर काही जणांच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, त्याचं एक कारण हे. छातीचं ऑपरेशन आणि बधिर करंगळी! बहुतेकांची ती हळूहळू बरी होते.

मिटवणं तर उघडण्याहून सरस. स्टेनलेस स्टीलची तार, साधारण सहा ते आठ टाके. वरच्या रुंद तुकड्यात सुई थेट हाडातून जाते. खाली ती फासळ्यांच्या मधल्या जागेतून हाडाला वळसा घालते. हाडाच्या अगदी लगत, दोन्ही बाजूंना, छातीच्या आतली रोहिणी धावते. सुईनं तिला चुकवायचं असतं. दोन्ही कडा जुळल्या की बांधकामावरचा कामगार सळयांवर बाइंडिंग तार पिळतो तसा प्रत्येक तारेला पीळ द्यायचा, जादा तार कापायची आणि टोक आत दाबायचं. या तारा काढत नाहीत. हाड जुळलं की त्यांचं काम संपतं, पण एरवी त्रास देत नसतील तर त्या जन्मभर तिथेच.

आता इतिहास, कारण त्यानंही मला तितकंच वेड लावलं. छाती मधोमध उभी चिरण्याची युक्ती हर्बर्ट मिल्टन या इंग्रज शल्यविशारदानं कैरोहून १८९७ साली मांडली. हृदयासाठी नव्हे, छातीच्या मधल्या पोकळीतल्या आजारांसाठी. तेव्हा हृदयावर शस्त्रक्रिया हा विचारच धाडसाचा होता. ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधारे हृदयातलं छिद्र बुजवलं आणि दार उघडलं. पण त्या सुरुवातीच्या काळात हृदयापर्यंत पोचायला छाती आडवी उघडत. या बगलेपासून त्या बगलेपर्यंत, फासळ्यांच्या मधून, दोन्ही फुप्फुसांच्या पोकळ्या फोडून. वेदना किती, श्वास घेताना हाल किती! १९५७ मध्ये शिकागोच्या ऑर्मंड ज्युलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हृदयासाठीही मधला उभा रस्ताच चांगला. मिल्टनपासून ज्युलियनपर्यंत साठ वर्षं. रस्ता माहीत होता, पण त्या रस्त्यानं जाण्यासारखं कामच तोवर कुणाकडे नव्हतं. आज दुर्बिणीनं, छोट्या छेदातून वगैरे बरंच होतं, तरी हृदयशस्त्रक्रियेचा राजमार्ग अजून हाच.

पुन्हा फिल्मकडे येते, कारण खरी गंमत तिथेच आहे. जे हाड चिरलं, ते समोरून काढलेल्या एक्स-रेत धड दिसतच नाही! मागचे मणके आणि हृदयाची सावली यांत ते बुडून जातं. हाड कुठे आहे ते सांगतात फक्त तारा. बाजूनं काढलेल्या फिल्मवर ते कडेनं दिसतं, पण समोरच्या फिल्मवर सगळी भिस्त तारांवर.

माझी एक मैत्रीण रेडिओलॉजिस्ट आहे. तिला फोटो पाठवून मी काळजीनं विचारलं, "यातली एक तार तुटली तर?" ती म्हणाली, "तुटू दे. एखादी तुटतेच. तू रांग बघ." आणि मग तिनं जे सांगितलं त्यानं माझी झोप उडाली. एखादी तार तुटलेली दिसणं ही बऱ्याचदा किरकोळ गोष्ट. धोक्याची खूण म्हणजे सरकलेली तार. ऑपरेशननंतरच्या पहिल्या फिल्मवर जी रांग सरळ होती, तिच्यातली दोन वेटोळी पुढच्या फिल्मवर डावीकडे गेली, एक उजवीकडे कलंडलं, तर समजायचं की हाडाच्या कडा सुटताहेत आणि तार हाड कापत चालली आहे. हे कधी कधी रुग्णाला काही जाणवायच्या आधीच फिल्मवर उमटतं. म्हणजे एकटी फिल्म अर्धंच बोलते. दोन फिल्म शेजारी ठेवल्या की गोष्ट पुरी होते.

मग मी फिल्म पुन्हा धरली. आपल्या उजव्या हाताला, म्हणजे मामांच्या डाव्या बाजूला, बारीक बारीक क्लिपांची माळ दिसली. छातीच्या आतली ती डावी रोहिणी मामांच्या हृदयाला जोडली आहे. ती सोडवताना तिच्या फांद्या ज्या क्लिपांनी बंद केल्या, त्या या! झडप बदललेल्यांच्या फिल्मवर तर आणखी मौज. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं घडवलेल्या आणि ६ डिसेंबर १९९० ला पहिल्यांदा बसवलेल्या चित्रा झडपेचा सांगाडा धातूचा, तो फिल्मवर दिसतो. आत उघडमीट करणारी चकती मात्र प्लास्टिकची, त्यामुळे ती दिसत नाही. सगळं काम करणारी तीच, आणि तीच अदृश्य.

सीटी स्कॅनमध्ये हाडाचा काप थेट दिसतो, आणि तिथे पेशंट घाबरतात. छाती घट्ट झालेली असते, माणूस हिंडायला लागलेला असतो, तरी स्कॅनवर चिरेची रेघ कित्येक महिने दिसत राहते. नुसती रेघ दिसली म्हणजे हाड जुळलं नाही असं नव्हे. सीटीचा खरा कस लागतो दुसऱ्यांदा छाती उघडायची वेळ येते तेव्हा. पहिल्या ऑपरेशननंतर हृदय किंवा जोडलेली रोहिणी हाडाच्या मागच्या बाजूला चिकटून बसलेली असू शकते, आणि करवत तर त्याच हाडातून जाणार. म्हणून आधी स्कॅनवर बघायचं, हाडामागे किती जागा आहे. त्या वेळची करवतही वेगळी असते. तिचं पातं जागच्या जागी थरथरत कापतं.

मामा सध्या खोकला आला की उशी छातीशी कवटाळतात आणि पाण्याची बादली उचलायला गेले की मामींचा ओरडा खातात. दोन्ही बरोबरच आहे. हाड जुळायला सुरुवातीचे दोन-तीन महिने लागतात, आणि तोवर छातीवर ताण नको.

तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर एवढं करा. ऑपरेशननंतरची पहिली फिल्म रद्दीत घालू नका, माळ्यावरही टाकू नका. नाव-तारीख दिसेल अशी पाकिटात ठेवा, आणि पुढचा एक्स-रे काढायला जाताना न विसरता बरोबर न्या.