डॅशबोर्डच्या पोटातला पंखा

थंडीतल्या पहिल्या सकाळी तो आधी किंचाळतो आणि मगच फिरू लागतो. थोडा वेळ गाडी चालली, अंगात ऊब आली, की आवाज आपोआप विरतो. मालक म्हणतो, असू दे, पुढच्या वर्षी बघू. अशी कितीतरी पुढची वर्षं त्याने काढलेली असतात, कारण त्याच्यापर्यंत हात पोचवायचा तर गाडीचा सगळा दर्शनी भाग आतून उतरवावा लागतो.

तो म्हणजे फोक्सवॅगनच्या कॅम्पर व्हॅनमधला हीटरचा ब्लोअर. ही व्हॅन जर्मनीत १९७९ साली बनू लागली. तिकडे ती टी-३, ब्रिटनमध्ये टी-२५, अमेरिकेत व्हॅनागन. वर उचलायचं छप्पर, मागे पसरायचा बिछाना, छोटी शेगडी, लाकडी कपाटं. वेस्टफालिया कंपनीने सजवलेल्या या फिरत्या घरांवर लोक आजही जीव टाकतात. छपराचं कौतुक होतं, पडद्यांचं होतं, इंजिनावर तर तासन् तास बोलणं चालतं. पंख्याचं नाव निघतं ते तो थांबल्यावर.

या घराण्यातल्या सुरुवातीच्या गाड्यांत तो नव्हताच. १९५० सालापासूनच्या त्या व्हॅनचं इंजिन मागे असे आणि ते हवेने थंड होई. इंजिनाला वारा घालणारा जो मोठा पंखा होता, त्याच्याच वाऱ्यातला थोडा वाटा एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीच्या कवचातून गरम होऊन निघे आणि गाडीच्या पोटाखालच्या लांब नळीतून चालकाच्या पायांशी येई. येईपर्यंत बरीचशी ऊब वाटेतच संपलेली असे. इंजिन मंद फिरलं की वाराही मंद. पुढे १९८१ साली डिझेलचं आणि १९८२ साली पेट्रोलचं पाण्याने थंड होणारं इंजिन आलं. इंजिन मागेच राहिलं, रेडिएटर पुढे गेला आणि गरम पाणी गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागलं. त्यातलंच थोडं पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये येतं. तिथे, त्याच प्लास्टिकच्या पेटीत, आपल्या या पंख्याचा मुक्काम असतो. पाणी ऊब आणून देतं, ती माणसांपर्यंत पोचवायची जबाबदारी त्याची.

पण पाय शेकणं हे त्याचं दुय्यम काम आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याचं खरं काम पुढच्या काचेचं. कॅम्परमध्ये माणसं रात्रभर झोपतात, श्वास सोडतात; सकाळी किटली उकळते, ओले कोट दाराशी लोंबत असतात. ही सगळी वाफ जाऊन बसते थंडगार काचांवर. या व्हॅनची पुढची काच भली मोठी आणि बरीच उभी. चालक पुढच्या चाकांवर बसलेला, त्याच्यासमोर इंजिन नाही, बॉनेट नाही. रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये ही एकच काच, आणि तीच आंधळी झालेली. समजा, स्कॉटलंडच्या डोंगरात बाहेर पाऊस लागलेला आहे. अशा दमट हवेने काच कशी सुकणार, असं कोणालाही वाटेल. तरी ती सुकते. थंड हवेत मुळात पाण्याचा अंश कमी मावतो. तीच हवा तापवली की तिला आणखी ओल शोषायला जागा होते. पंखा बाहेरची ओलसर हवा ओढतो, गरम पाण्याच्या जाळीतून दामटतो आणि काचेच्या बुडाशी सोडतो. खाली दोन स्वच्छ अर्धगोल उमटतात, हळूहळू वर चढत जातात आणि रस्ता दिसू लागतो. फडक्याने पुसलेली काच पुन्हा धुरकटते. पंख्याने मोकळी केलेली काच मोकळी राहते. म्हणून त्याला ‘सोय’ म्हटलेलं मला रुचत नाही. ब्रेकला कोणी सोय म्हणत नाही.

तर कधी ना कधी हा पंखा बदलायची वेळ येते. आधी बॅटरी सोडवायची. स्टिअरिंगचं चाक काढलेलं बरं, जागा होते. मग मीटरचा संच, स्पीडोमीटरची केबल, हीटरच्या दांड्या, रेडिओ, आणि वायरींचे झुपके. प्रत्येकाला चिठ्ठी बांधल्याशिवाय हात लावू नये. मग कडेकडेचे स्क्रू. त्या काळचं प्लास्टिक आता ठिसूळ झालेलं असतं, इथे जोर करणाऱ्या माणसाचं काम नाही. डॅशबोर्ड मोकळा होऊन पुढे आला की मागे ती काळी पेटी दिसते. दोन अर्ध्या भागांची, कडेने धातूच्या क्लिपा लावलेली. पाण्याचे पाइप चिमटून, सोडवून ती बाहेर काढायची आणि उघडायची.

आत त्याने काय काय सोसलं ते तेव्हा कळतं. वरच्या जाळीतून आलेली पाइनची पानं, कधी उंदराने आणून रचलेल्या चिंध्या. झडपांवरच्या फोमचा पार भुगा झालेला. मध्ये तो: बारीक उभ्या पात्यांचं गोल पिंजऱ्यासारखं चाक आणि त्याची मोटर. बुश कोरडे पडलेले, कार्बन झिजलेले. काही मालक पेटीला बारीक भोक पाडून लांब नळीने बुशमध्ये तेल सोडतात. काही दिवस तो गप्प होतोही. पण झिजलेला बुश तेलाने भरून येत नाही.

नवा बसवताना त्याला एकट्याला बसवू नये. त्याच पेटीतला छोटा रेडिएटर जुना असेल तर तोही बदलावा. झडपांना नवा फोम लावावा. वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर तपासावा. पेटी मिटवण्याआधी मोटर बॅटरीवर फिरवून बघावी. वायरी उलटसुलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो. आवाज तेवढाच, वारा मात्र नावाला. हे डॅशबोर्ड बसवल्यावर लक्षात आलं तर सगळं पुन्हा उतरवण्याखेरीज इलाज नाही.

आणि एवढं करूनही नव्या पंख्याच्या वाट्याला बोल यायचे ते येतातच. फक्त शेवटच्या वेगावर फिरला तर ‘मोटर खराब निघाली’ म्हणतात. दोष जळालेल्या रेझिस्टरचा असतो. टकटक आवाज आला तर त्याच्यावरच संशय. सापडतं सुकलेलं पान. सगळ्यात जास्त बोलणी तो खातो ते थंड वारा आल्यावर. पाइप सोडवले तेव्हा पाण्यात हवा शिरलेली असते. ती काढायला गाडीचं नाक उंच करायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि पुढच्या रेडिएटरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे. घाईत हे नीट होत नाही. मग छोट्या रेडिएटरकडे जाणारे दोन पाइप हाताने चाचपावेत. हीटर पूर्ण उघडा असताना एक तापलेला आणि दुसरा गार लागला, तर पाणी पुढे सरकत नाहीये असं समजावं. पंख्याकडे संशयाने बघू नये; त्याला जे मिळतं तेच तो पुढे देतो. नाक पुन्हा उंच करावं आणि उरलेली हवा काढावी.