शहराहून जुना रस्ता

१/ हैदराबाद आणि सिकंदराबाद यांना जोडणारा टँक बंड हा मुळात रस्ता नव्हे. तो हुसेनसागर तलावाचा बांध आहे. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या कारकिर्दीत, १५६२-६३च्या सुमारास तलाव बांधला गेला. हैदराबाद वसले १५९१ मध्ये, तर सिकंदराबाद १८०६ मध्ये. बांध दोन्ही शहरांहून वयाने मोठा.

२/ नोकरीनिमित्त मी दोन वर्षे रोज त्यावरून स्कूटरने ये-जा केली. एका हाताला पाण्याचा विस्तार, दुसऱ्या हाताला बांधाच्या पायथ्याशी वसलेली वस्ती. डोक्यात मात्र केवळ हजेरीची वेळ.

३/ एकदा नांदेडहून आजोबा आले. ते उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकलेले. बांधावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, आम्ही इथे शिकायला आलो, तेव्हा ही आमची राजधानी होती."

४/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. पाठ्यपुस्तकात ही एक ओळ होती. मी विचारले, "वाईट वाटले का?" ते म्हणाले, "छे! मराठी मुलखात आलो, याचा आनंदच होता. तारुण्य तेवढे परराज्यात राहिले."

५/ आजोबा आता नाहीत. ते या बांधावर कोणासोबत फिरत, हे विचारायचे राहून गेले. तुमच्या घरी जुनी माणसे असतील, तर त्यांना एवढे अवश्य विचारा: तुमची राजधानी कोणती होती?