आधी ‘कसे’, मग ‘कोणी’

तेरा-चौदाव्या वर्षी प्रत्येक मुलात एक गुप्तहेर जागा होतो, असा माझा इतक्या वर्षांच्या मास्तरकीतला अनुभव आहे. डस्टर कोणी लपवला, सायकलची हवा कोणी सोडली, कोणाचे कोणाशी का बिनसले, या सगळ्याचा तपास त्याच्या डोक्यात अखंड चालू असतो. आमच्या पिढीची ही भूक भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने भागवली. फुरसुंगीचा तो किडकिडीत बनेश सायकलवर टांग टाकून खुशाल संकटात शिरायचा आणि आम्ही मुले सतरंजीवर पालथे पडून त्याच्या मागोमाग जायचो. बंगालीत सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ साली अवतरला. त्याच्या कथा आपल्याला सांगतो तो त्याचा कोवळ्या वयाचा चुलतभाऊ तोपशे. अमेरिकेत तर १९३० पासून नॅन्सी ड्रू नावाची एक धीट पोर चोरांचा आणि लबाडांचा माग काढते आहे. तिच्या पुस्तकांवर लेखिका म्हणून कॅरोलिन कीन हे नाव असते. ते टोपणनाव आहे, त्यामागे अनेक लेखणी राबल्या, हे माझ्या विद्यार्थिनींना सांगितले की त्यांना तेही एक रहस्यच वाटते.

या पुस्तकांचे ऋण मी मानतो. निरीक्षण करावे, प्रश्न विचारावा, भ्यायचे नाही, हे त्यांनी शिकवले. पण त्यांचा एक संस्कार मला शिक्षक म्हणून खटकत आला आहे. शेवटच्या प्रकरणात कोणीतरी माणूस सापडतोच. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात पक्के बसते की जिथे आपत्ती तिथे अपराधी असायचाच. पुस्तकात हे शोभते. गावात मात्र त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. आणि आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात ती कोणाला मोजावी लागेल, हे बहुधा आधीच ठरलेले असते.

म्हणून २०२२ च्या पावसाळ्यात, विज्ञानाचे शिक्षक रजेवर असताना नववीचे ऑफ तास माझ्याकडे आले, तेव्हा मी मुलांपुढे एक खरी घटना ठेवली. तळ्याचे नाव सांगितले नाही, देशाचेही नाही. नाहीतर रात्रीच मोबाईलवर उत्तर काढून मोकळी झाली असती. फळ्यावर एवढेच लिहिले :

डोंगराळ, आडबाजूचा मुलूख. एक तळे. १५ ऑगस्ट १९८४ ची रात्र. साडेअकराच्या सुमारास मोठा आवाज. पहाटेपर्यंत तळ्याजवळच्या सखल भागात, रस्त्याच्या आसपास ३७ माणसे मेलेली. एक गाडी माणसे घेऊन तिथवर आलेली. खाली उतरले ते मेले, टपावर बसलेले दोघे जगले. पांढुरका, धुरासारखा ढग. त्याला कडवट, आंबूस वास. काठावरची झाडेझुडपे आडवी झालेली. “आता तुम्ही फौजदार,” मी म्हणालो, “करा तपास.”

वर्ग पेटला. “सर, पाण्यात विष घातलं असणार की ओ!” “बॉम्ब, सर, बॉम्ब!” एकाने जमिनीचा वाद काढला, एकाने अतिरेकी काढले. मागच्या बाकावरून हळूच भूतही आले. प्रत्येकाजवळ एक खुनी तयार होता. मी कोणालाही खोडले नाही, कारण त्या देशातल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही नेमके हेच वाटले होते. तो देश म्हणजे आफ्रिकेतला कॅमेरून आणि तळे मोनूनचे. चारच महिन्यांपूर्वी, एप्रिल १९८४ मध्ये, तिथे सरकार उलथण्याचा प्रयत्न झालेला. हवा संशयाने भरलेली होती. त्यामुळे हा घातपात, कोणीतरी रासायनिक अस्त्र सोडले, असा तर्क सहज निघाला.

आमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी तासभर गप्प होती. घंटा व्हायच्या आधी तिने विचारले, “सर, मेलेली माणसं खोलात होती, आणि उंचावर बसलेली जगली, न्हवं?”

“होय.”

“मग मारणारा माणूस न्हवं. माणूस उंच-खोल बघून मारत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी म्हणून तपासाचे दुसरे कागद काढले. त्याच देशातले दुसरे तळे, न्योसचे, पहिल्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर. २१ ऑगस्ट १९८६, रात्री नऊची वेळ. या वेळी सुमारे १७४६ माणसे गेली आणि साडेतीन हजारांच्या आसपास गुरेढोरे. न्योस, चा, सुबुम अशी गावेच्या गावे निजल्या जागी निजून राहिली. मृत्यू दऱ्याखोऱ्यांतून उतरत २५ किलोमीटरपर्यंत गेला. घरे शाबूत, भांडीकुंडी जागच्या जागी. निळे तळे तांबडे झालेले. आणि घरातले दिवे विझलेले. तेल संपून नव्हे. तेल होते, तरी विझलेले.

शेवटचे वाक्य उच्चारताच त्या मुलीने हात वर केला. ती म्हणाली, “सर, हगेव!”

निम्म्या वर्गाला शब्द कळला, निम्म्याला नाही. तिची आजी अथणीकडची, घरात कानडी बोलणारी. हगेव म्हणजे आपले पेव. धान्य साठवायचे जमिनीतले तळघर. आजीच्या माहेरी ज्वारीचे हगेव होते. ते उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड उघडे टाकून ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर उतरायचे नाही. का, ते आजीला ठाऊक नव्हते. पण तिच्या वडिलांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. पोर एवढेच म्हणाली, “त्या गावांत पेवातली हवा शिरली, सर.”

मी खुर्चीवरून उठलो. काही उत्तरांपुढे बसून राहता येत नाही.

पेवातले धान्य जिवंत असते, ते श्वास घेते. बंद जागेतला प्राणवायू संपवते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हा वायू हवेच्या दीडपट जड. तो तळाशी पाण्यासारखा साचतो. नेहमीच्या हवेत तो शेकडा ०.०४ एवढाच असतो. शेकडा दहावर गेला की माणूस थोड्याच वेळात शुद्ध हरपतो. कॅमेरूनच्या त्या तळ्यांखाली जमिनीतून हाच वायू झिरपत होता. न्योसचे तळे दोनशे मीटरांहून खोल. वरच्या पाण्याच्या दाबाखाली तळचे पाणी सोड्याच्या बंद बाटलीसारखे वायूने भरत गेले, आणि वर्षानुवर्षे कोणी ते हलवले नाही. मग एका रात्री कशाने तरी ते ढवळले गेले आणि बाटलीचे बूच उडाले. तळाचे लोहयुक्त पाणी वर आले, म्हणून तळे तांबडे दिसले. वायूचा लोंढा उतार शोधत वाहिला. उंचावरचे वाचले, खोलातले गेले. यात खुनी नव्हताच.

मोनूनचे कोडे सोडवणारा खरा गुप्तहेर म्हणजे हॅराल्डर सिगर्डसन, मूळचा आइसलंडचा ज्वालामुखीतज्ज्ञ. तो १९८५ मध्ये तिथे गेला. ज्वालामुखी फुटल्याची एकही खूण त्याला मिळाली नाही. पण तळ्याच्या खोल भागातले पाणी बाटलीत भरून वर काढले, तेव्हा ते फसफसू लागले. त्याचा लेख एका नामांकित विज्ञान नियतकालिकाने अविश्वसनीय म्हणून परत पाठवला. तोच न्योसची ती रात्र आली. मग जगाला पटले. नंतर शास्त्रज्ञांनी तळ्यात उभ्या नळ्या सोडल्या. न्योसमध्ये २००१ साली आणि मोनूनमध्ये २००३ साली. तळचे पाणी त्या नळीतून आपल्याच वायूच्या जोराने वर उसळते आणि वायू थोडा थोडा, निरुपद्रवी होऊन निघून जातो. न्योसचे ते कारंजे सुरुवातीला पन्नास मीटरांच्या आसपास उंच उडत होते.

मुलांना वाटले, तपास संपला. मला वाटते, खरा धडा इथून पुढे होता. कॅमेरूनच्या राजभाषा दोन, फ्रेंच आणि इंग्रजी. मोनून फ्रेंच भाषकांच्या भागात, न्योस इंग्रजी भाषकांच्या. दोन भाषांची गावे, एकाच प्रकारचा मृत्यू. पण न्योसनंतर अफवांचे पेव फुटले ते असे, की परक्यांनी इथे न्यूट्रॉन बॉम्बची चाचणी केली. शास्त्र सांगून झाले तरी ही गोष्ट कित्येकांच्या मनातून गेली नाही. ‘आम्हांला कोणीतरी मारले’ हे वाक्य ‘आम्ही एका विचित्र तळ्याकाठी राहत होतो’ या वाक्यापेक्षा दुःखी माणसाला सोसायला सोपे जाते. त्यात राग धरायला कोणीतरी असते. त्या इंग्रजी भागात २०१७ पासून सशस्त्र संघर्ष पेटला. त्याची कारणे वेगळी आहेत. पण जिथे अविश्वास जुना असतो, तिथे तळ्यालाही भाषा चिकटते.

आणि गंमत पाहा, खरा सुगावा तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ होता. त्या डोंगराळ पट्ट्यात तळी फुटतात, तळी जागा बदलतात, तळी माणसे मारतात, अशा लोककथा पूर्वापार आहेत. शिकलेल्यांनी त्यांना भाकडकथा म्हणून बाजूला ठेवले होते. कारण चुकले असेल, पण निरीक्षण चुकलेले नव्हते. आमच्या अथणीच्या आजीच्या कंदिलासारखेच.

वर्गात हे बोलत असताना एका मुलाने विचारले, “सर, आपल्याकडं असं झालंय काय कधी?”

झाले होते. १९८३ चा मे महिना, मी तेव्हा आठवी संपवलेली होती. गावाबाहेर एक पडकी विहीर होती. वर्षानुवर्षे कोणी उपसा न केलेली. गाळ काढायला एकजण उतरला आणि अर्ध्यावर कोसळला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला, तोही वर आला नाही. तिसऱ्याला लोकांनी कंबरेच्या दोराने वेळीच ओढून घेतले, म्हणून तो जगला. संध्याकाळपर्यंत गावाने निकाल दिला : आसरांनी नेले. तिथेच थांबले असते तरी चालले असते. पण आठवड्याभरात प्रश्न बदलला. आसरांना कोपवले कोणी? विहिरीशेजारच्या तुकड्यात एक विधवा म्हातारी राहत होती. तिचा बांधावरून वाद होता, ती एकटी होती आणि तिची बोली आमच्या गल्लीची नव्हती. शेवटचे कारण कोणी तोंडाने उच्चारले नाही, पण सगळ्यांना ते पुरले. ‘करणी’ हा शब्द तिच्या दाराशी येऊन बसला. कोणी तिच्या अंगावर हात टाकला नाही. नुसते तिला पाणी भरू देईनात, पोरांना तिच्या अंगणातून जाऊ देईनात. दिवाळीच्या आत ती घर बंद करून सोलापूरकडे लेकीकडे गेली.

वर्ग चिडीचूप झाला. मग ती दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, “म्हंजे त्या विहिरीत पण तीच हवा असणार, न्हवं सर?”

“बहुतेक तीच.”

“मग त्या आज्जीला कुणी सांगितलं, तुझं काय चुकलं न्हवतं म्हणून?”

या प्रश्नाला मी फळ्यावर लिहिण्याजोगे उत्तर देऊ शकलो नाही. म्हातारी लेकीकडेच वारली होती. बंद घर दोन-तीन पावसाळ्यांत बसले.

त्या वर्गाने पुढे एक काम केले. एका ड्रॉइंग पेपरवर मराठीत आणि दुसऱ्यावर कानडीत मोठ्या अक्षरांत सूचना लिहिल्या. कानडी मजकूर त्या मुलीने आजीकडून तपासून आणला. सूचना साध्या होत्या : जुन्या विहिरीत, पेवात, टाकीत, गटाराच्या खड्ड्यात एकट्याने उतरू नये. आत पडलेल्याला काढायला मागोमाग उडी घेऊ नये. असल्या अपघातांत काढायला गेलेलेच पुष्कळदा जातात. अग्निशमन दलाला बोलवावे. कंदिलावर विसंबू नये, कारण तो प्राणवायू कमी झाल्याचे सांगतो, पण विषारी वायू ओळखत नाही. आणि गोबर गॅसच्या किंवा गटाराच्या खड्ड्यात तर ज्योतीनेच भडका उडेल. आजीच्या ज्ञानाचा मान राखून तिच्या कंदिलाची मर्यादाही पोरांनी लिहिली, याचे मला फार समाधान वाटले. पंचायतीच्या भिंतीवर दोन्ही कागद शेजारी शेजारी लागले. आमच्या गावात दोन भाषांतल्या पाट्या शेजारी लागल्या की काहीतरी कुरबूर व्हायचीच. या कागदांवरून झाली नाही.

आजही मुले माझ्याकडे गुप्तहेराची पुस्तके मागतात आणि मी आनंदाने देतो. हल्लीच्या पुस्तकांत आडगावची तळी असतात, एकामागून एक संशयास्पद मृत्यू असतात, आणि शोध घेणारी मुलगी असते नववी-दहावीची. पालक कधीकधी विचारतात, “सर, पोरांनी मरणाबिरणाचं कशाला वाचायचं?” मी म्हणतो, वाचू द्या. मरण पोरांना गावात दिसतेच. त्याच्याकडे कसे पाहावे हे मात्र कोणी दाखवत नाही. पुस्तक परत आले की मी एकच गोष्ट विचारतो : तुझ्या गुप्तहेराने ‘कोणी’ हा प्रश्न कितव्या पानावर विचारला? ‘कसे’ कळण्याच्या आधी विचारला असेल, तर तो अजून कच्चा आहे. गोष्टीतल्या कच्च्या गुप्तहेराला लेखक शेवटच्या प्रकरणात सावरून घेतो. गावाला असा लेखक नसतो. तिथे दुसऱ्या बाकावरच्या एखाद्या पोरीनेच हात वर करावा लागतो.